काझ, इनेझ आणि ते हातमोजे: 'सिक्स ऑफ क्रोज' वाचलेल्यांनी आत या (स्पॉयलर आहेत!)

काजळकाठ:
ली बार्डुगोची 'सिक्स ऑफ क्रोज' (२०१५) आणि तिचा दुसरा भाग 'क्रुकेड किंगडम' (२०१६) लागोपाठ वाचून काढली. घरात या विषयावर बोलायला कुणी नाही, म्हणून धागा काढतेय. शेवटासकट सगळं बोलणार आहे, तेव्हा ज्यांना वाचायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा. नंतर मला शिव्या घालू नका.

तरीही थांबलेल्यांसाठी थोडक्यात: केटरडॅम हे जुन्या ॲमस्टरडॅमवर बेतलेलं बंदर. कालवे, व्यापारी, जुगारअड्डे, कुंटणखाने. तिथल्या एका टोळीचा खरा मेंदू म्हणजे सतरा वर्षांचा काझ ब्रेकर. त्याला तीन कोटी क्रूगांची सुपारी मिळते: आइस कोर्ट नावाच्या किल्ल्यातून एका शास्त्रज्ञाला पळवून आणायचं. तो आणखी पाच जण गोळा करतो. दरोड्याची गोष्ट म्हणून पुस्तक झकास आहेच, पण मला बोलायचंय ते जोड्यांबद्दल. सहा माणसं, तीन जोड्या. लग्नाच्या पंगतीत पानं मांडल्यासारखी मांडणी! आणि तरीही त्यातली एक जोडी माझ्या डोक्यातून जात नाहीये.

इनेझ घाफा ही सुली, म्हणजे तांड्याने फिरणाऱ्या लोकांतली. घरचे सगळे कसरती करणारे, दोरीवर चालणारे. चौदाव्या वर्षी गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तिला पळवलं आणि ती केटरडॅमच्या 'मेनाजरी' नावाच्या कुंटणखान्यात विकली गेली. तिथून काझने तिला टोळीत आणलं. इकडे काझला उघड्या त्वचेचा स्पर्श सहन होत नाही. कायम काळे हातमोजे. शहरात अफवा काय, तर हातांना नख्या आहेत, बोटांवरचे रक्ताचे डाग जात नाहीत. खरं कारण असं की नऊ वर्षांचा असताना साथीत तो मेला समजून त्याला प्रेतांच्या होडीवर फेकलेलं असतं, आणि थोरल्या भावाच्या, जॉर्डीच्या, फुगलेल्या प्रेताला धरून तो पोहत किनाऱ्याला लागतो. तेव्हापासून कुणाची त्वचा लागली की त्याला तेच पाणी आणि तेच मांस आठवतं.

म्हणजे बघा, प्रेमकथेत लेखकाच्या हाताशी जे हुकमी पत्ते असतात ते सगळे लेखिकेने स्वतःच फेकून दिलेत. मिठी नाही, चुंबन नाही, 'चुकून हात लागला आणि अंगावर शहारा आला' तर नाहीच नाही. उरतं ते फक्त कोण कुणासाठी काय करतं. मला तरी हे पटलं. पार आतपर्यंत पटलं. तुमचं काय?

आठवी_ब:
आईशप्पथ, कुणीतरी धागा काढला!!! मी गेली कित्येक वर्षं या दोघांवर जीव टाकून आहे. काजळकाठ, तू ते 'चिलखता'चं कसं काय लिहिलं नाहीस? पहिल्या भागाच्या शेवटी काझ कसाबसा तिला म्हणतो की थांब, जाऊ नकोस. कुठलीही नायिका इथे विरघळली असती. ही म्हणते, चिलखत उतरवून येणार असशील तर ये, नाहीतर नको. मी पुस्तक मिटून खोलीत येरझारा घातल्या होत्या.

गरमवडा:
वाचलंय. पुतण्याने आग्रहाने दिलं होतं. दरोड्याचा भाग मस्त, सलाम. पण दोन गोष्टी खटकल्या.

एक, वयं. काझ सतरा, इनेझ सोळा, वायलन सोळा, सगळ्यात 'म्हातारा' मथायस, तो अठराचा. सतराव्या वर्षी हे पोरगं जुगारअड्डा चालवतं, शहरातले बडे व्यापारी खिशात घालतं, वर माणसाचा डोळा काढून समुद्रात फेकतं. आमच्याकडे सतराव्या वर्षी पोरं बारावीच्या फॉर्मवर सही कुठे करायची ते विचारतात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ज्याने सोडवलं त्याच्याच टोळीत राबून त्या मुलीला कर्ज फेडायचंय, आणि आपण त्या दोघांच्या प्रेमावर टाळ्या वाजवतोय? कुंटणखान्यातून निघून करारपत्रावर. मालक बदलला इतकंच.

आठवी_ब:
काका, बारावीच्या पोरांना एवढं कमी लेखू नका, फॉर्म ऑनलाइन असतो आता :)

सांजपाखरू:
वयाबद्दल गरमवड्याशी सहमत. मी वाचताना सगळ्यांना सरळ पंचविशीचं करून टाकते. नेटफ्लिक्सच्या मालिकेतही कुणी सतराचं दिसत नाही. पण 'यंग ॲडल्ट'च्या कप्प्यात विकायचं तर वयं खाली ठेवावीच लागतात, तो प्रकाशनाचा धंदा आहे.

काजळकाठ:
गरमवडा, तुमचा दुसरा मुद्दा बरोबर जागी लागलाय, पण लेखिकेला तो दिसलेला आहे. करार पेर हास्केलच्या, म्हणजे टोळीच्या म्हाताऱ्या मालकाच्या नावावर असतो. आणि काझ काय करतो? क्रो क्लबमधला आणि पाचव्या बंदरातला आपला हिस्सा विकतो. तोही कुणाला, तर पेक्का रोलिन्सला, ज्याने त्याला आणि जॉर्डीला लुबाडून रस्त्यावर आणलं त्याला! त्या पैशातून इनेझचं कर्ज फिटतं. आपण मेलो तर ती हास्केलच्या मुठीत राहू नये म्हणून. आणि हे तो तिला सांगतसुद्धा नाही. तिला दुसऱ्याकडून कळतं. म्हणजे ती राहते की जाते हा प्रश्न जेव्हा खरा येतो, तेव्हा ती मोकळी असते. आधी मोकळी आणि मग प्रश्न, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बहुतेक पुस्तकांत तो उलटा असतो.

गरमवडा:
हिस्सा विकल्याचं लक्षात होतं, त्याचं गणित असं जोडलं नव्हतं. घेतो विचारात. पण न सांगता उपकार करणारे पुरुष मला पुस्तकात आवडतात, घरात नाहीत. हघ्या (हलकेच घ्या).

पडदानशीन:
मी पुस्तक वाचलेलं नाही, नेटफ्लिक्सवर 'शॅडो अँड बोन' पाहिलंय (पहिला सीझन २०२१, दुसरा २०२३, आणि मग त्याच वर्षी गुंडाळलं). इनेझ झालेली अमिता सुमन जन्माने नेपाळची, लहानपणी इंग्लंडला गेलेली. आपल्यासारखा चेहरा असलेली मुलगी फँटसीत छपरांवरून उड्या मारतेय हे बघूनच मी पहिला सीझन संपवला. पण त्यात या दोघांचं असं काही विशेष वाटलं नाही. नुसते एकमेकांकडे बघत बसतात.

आठवी_ब:
@पडदानशीन, कारण मालिकेने दोन वेगवेगळ्या पुस्तकमालिकांची खिचडी केली. ग्रिशांची, म्हणजे जादूसारखी शक्ती असलेल्या लोकांची, जुनी कथा आणि ही टोळी एकाच वेळी दाखवली. पुस्तकात टोळीची गोष्ट नंतर घडते. त्यामुळे आइस कोर्टचा दरोडा पडद्यावर आलाच नाही, तोवर मालिकाच बंद! म्हणजे चिलखत नाही, न्हाणीघर नाही, शेवटचं जहाज नाही. तुम्ही नुसता ट्रेलर बघितलात असं समजा.

काजळकाठ:
शिवाय नुसतं बघणं आणि डोक्यातलं वाचणं यात फरक आहे. पुस्तकात प्रत्येक प्रकरण एकेकाच्या डोक्यातून येतं. काझ वरून दगड असतो, आणि त्याच्या प्रकरणात शिरलं की कळतं, इनेझ खिडकीत बसून कावळ्यांना दाणे घालत होती ते सगळं या गड्याने टिपून ठेवलंय. कॅमेऱ्याला हे दाखवणं अवघडच आहे, नटांचा दोष नाही.

पडदानशीन:
न्हाणीघराचं काय आहे? सांगा, मला स्पॉयलर चालतात.

काजळकाठ:
'क्रुकेड किंगडम'मधला हॉटेलातला प्रसंग. इनेझ जखमी आहे, खांद्यावरची पट्टी बदलायची आहे. काझ म्हणतो मी करतो. दार बंद, समोर पाण्याचं भांडं, आणि तो हातमोजे काढतो. आता यापुढे दोन माणसं पट्टी बदलताहेत, बाकी काही नाही. पण लेखिकेने तो प्रसंग इतका सावकाश लिहिलाय की आपणच श्वास धरून बसतो. आधी जुनं कापड सोडवायचं. मग पुसायचं. मग नवी पट्टी काखेखालून घेऊन गाठ मारायची. प्रत्येक वेळी बोटं त्वचेला लागणार, आणि प्रत्येक वेळी त्याच्या डोक्यात ते बंदराचं पाणी चढत जाणार. तो काम पुरं करतो. मग मान खाली करून तिच्या गळ्याजवळ ओठ टेकवतो, आणि तिथे पाणी डोक्यावरून जातं. मागे हटतो.

यात मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर इनेझसुद्धा घाबरलेली आहे. मेनाजरीत परक्या स्पर्शाखाली शरीर तिथेच सोडून मनाने निघून जायला ती शिकली होती. इथे तिला भीती आहे की ज्याच्याजवळ राहायचंय त्याच्याजवळही आपण तसंच निघून जाऊ की काय. म्हणजे एकटा नायक मोडलेला आणि नायिकेने सेवा करून त्याला जोडायचा, असा मामला नाही. दोघांनाही स्वतःशीच झगडायचंय आणि दोघंही त्या दिवशी अर्ध्यावरच थांबतात.

पडदानशीन:
बरं. मागवतो पुस्तक.

निनावी_वाटसरू:
वाखूसा (वाचनखूण साठवली).

ताकभात:
नमस्कार. माझी लेक तेरा वर्षांची आहे, शाळेतल्या मैत्रिणींमध्ये हे पुस्तक फिरतंय आणि ती मागतेय. वरचं कुंटणखाना, डोळा वगैरे वाचून जरा दचकले. द्यावं का? तुम्ही वाचलेल्यांनी प्रामाणिकपणे सांगा.

सांजपाखरू:
ताकभात ताई, उघड शरीरसंबंधांचं वर्णन नाही. मेनाजरीत काय झालं ते इनेझच्या आठवणीतून येतं, तपशील न देता, पण काय झालं ते समजतं. मारामारी, छळ, व्यसन मात्र भरपूर आहे. तो डोळ्याचा प्रसंग जरा जास्तच स्पष्ट लिहिलाय. मी असते तर आधी स्वतः वाचलं असतं आणि मग दिलं असतं.

आठवी_ब:
मी चौदाव्या वर्षी वाचलं, बरी आहे :) काकू, खरं सांगू का, त्या वयात आम्ही जे वाचत होतो त्यात मुलगा मुलीच्या खोलीत तिला न विचारता येऊन उभा राहायचा आणि ते रोमँटिक म्हणून खपायचं. त्यापेक्षा इनेझ शंभर पटीने बरी. निदान ती अट घालते.

ताकभात:
हा मुद्दा पटला. मी आधी वाचते. तोवर तिला 'परीक्षा झाल्यावर' असं सांगते, जे मला कायमच उपयोगी पडतं.

सांजपाखरू:
आता सगळे काझ-इनेझवरच आहेत म्हणून मी नीना आणि मथायसचा झेंडा उचलते. मला पुस्तकातली खरी प्रेमकथा ती वाटते. ती ग्रिशा, तो फियेर्डा नावाच्या देशाचा द्रुस्केल. म्हणजे ग्रिशांना पकडून चितेवर चढवणाऱ्यांतला. जहाज बुडतं, दोघंच वाचतात, बर्फातून एकमेकांच्या आधाराने चालत बाहेर येतात. आणि तिथे तिचेच लोक त्याला पकडायला टपलेले. त्याला वाचवायला ती खोटा आरोप करते की हा गुलामांचा व्यापारी आहे, कारण निदान खटला तरी चालेल, जीव तरी वाचेल. आणि तो वर्षभर हेलगेटच्या तुरुंगात सडतो. दोघांकडे एकमेकांना माफ न करण्याची पक्की कारणं आहेत. वर तिचं वॉफलवेड आणि त्याचं सोवळं! हसून हसून पुरेवाट.

गरमवडा:
इथे मात्र माझा ठाम विरोध. हेलगेटमध्ये ती त्याला सोडवायला जाते तर हा पठ्ठ्या पहिली गोष्ट काय करतो, तिचा गळा धरतो. आणि ती तरीही त्याच्यावर भाळलेली. शिवाय तिने केला तो एक खोटा आरोप आणि त्याच्या पंथाने केली ती एका अख्ख्या जमातीची शिकार, हे तराजूच्या दोन पारड्यांत कसं काय घालता?

सांजपाखरू:
सारख्या वजनाचं आहे असं मी म्हणत नाहीये. पण त्याला लहानपणापासून तेच शिकवलेलं आहे, आणि पुस्तकभर तो एकेक पायरी उतरत येतो. पॅरेम नावाच्या अंमली औषधाच्या व्यसनातून बाहेर पडताना ती तडफडत असते तेव्हा तिच्याजवळ कोण थांबतं? तोच. जिच्या शक्तीला तो पाप म्हणायचा.

काजळकाठ:
मी या दोघांच्या बाबतीत कुंपणावर आहे. खटकेबाज संवाद मलाही आवडले. पण माझी तक्रार मथायसच्या मरणाबद्दल आहे. 'क्रुकेड किंगडम'च्या शेवटाकडे एक कोवळा द्रुस्केल पोरगा त्याच्यावर बंदूक रोखतो. मथायस त्याच्याशी बोलू बघतो, कारण त्याला त्याच्यात आपणच दिसतो. पोरगा गोळी घालतो. प्रसंग म्हणून जबरदस्त. पण वाचक म्हणून मला असं वाटलं की लेखिकेने अवघड भाग टाळला. ज्याने तुझ्या लोकांना जाळायची शपथ घेतली होती त्याच्यासोबत रोज सकाळी उठायचं कसं, त्याच्या गावी जाऊन राहायचं कसं, हे लिहायला हवं होतं. मेला की सगळं माफ होतं, वाद संपतो. काझ आणि इनेझला तिने अशी सूट दिली नाही, त्यांना जिवंत ठेवून त्रास दिला. म्हणून ती जोडी जास्त खरी.

सांजपाखरू:
नाही पटलं. तो मरतो ते प्रेमाचं बिल चुकवायला नव्हे. ज्या द्वेषात तो वाढला तो द्वेष अजून जिवंत आहे आणि पुढच्या पोराच्या हातात गेलाय, हे त्यातून दिसतं. एक माणूस सुधारला म्हणून देश सुधारत नाही. आणि नीना त्याचं प्रेत घेऊन फियेर्डाला जाते. पुढच्या 'किंग ऑफ स्कार्स'मध्ये तिचं सगळं दुःख आलंय. लेखिका पळालेली नाही.

काजळकाठ:
'किंग ऑफ स्कार्स' वाचते आणि मग भांडायला येते.

आठवी_ब:
जेस्पर आणि वायलनवर कुणीच बोलत नाही! पियानो वाजवणाऱ्याला वायलन समजून जेस्पर चुंबन घेतो आणि तो निघतो कुवेई, म्हणजे त्या शास्त्रज्ञाचा मुलगा, कारण नीनाने वायलनचा चेहरा कुवेईसारखा केलेला असतो. आणि खरा वायलन दारात. मी बसमध्ये वाचत होते, मोठ्याने ओरडले.

पडदानशीन:
हे सगळं एकाच पुस्तकात आहे? आणि मला मालिकेत नुसतं एकमेकांकडे बघणं दाखवलं?

काजळकाठ:
@आठवी_ब, ती जोडी गोड आहे, आणि पुस्तकातली सगळ्यात निरोगी पण तीच. वायलनला वाचता येत नाही म्हणून बाप त्याला मारायला उठतो, आणि जेस्परला ते कळल्यावर तो त्याचा एवढासुद्धा बाऊ करत नाही. इतकी सरळ आहे की बोलायला फार काही उरत नाही. भांडण हवं ना धाग्याला.

गरमवडा:
एक प्रश्न राहिला. या जगात ग्रिशा लोक जखमा भरतात, चेहरे बदलतात. मग काझचा लंगडा पाय कुणी नीट का करत नाही? आणि ते स्पर्शाचं? कथानकाची सोय म्हणून विसरायचं?

काजळकाठ:
पायाचं उत्तर पुस्तकात आहे. एका बँकेच्या छपरावरून पडून तो मोडतो आणि वाकडा जुळतो. पुढे पैसे आल्यावर ग्रिशाकडून नीट करून घेता आला असता, पण तोवर काठी हीच त्याची ओळख झालेली असते आणि तो ती सोडत नाही. बार्डुगोला स्वतःला हाडांचा आजार आहे, तीही कधीकधी काठी घेऊन चालते. पुस्तकाच्या शेवटच्या ऋणनिर्देशात तिने ते लिहिलंय. त्यामुळे त्या पायातली कळ वाचताना उसनी वाटत नाही. जिने चढताना, थंडीत, मारामारीनंतर, प्रत्येक वेळी लेखिका ती आठवणीने लिहिते.

स्पर्शाचं मात्र कुणी ग्रिशा काही करू शकत नाही, कारण ते शरीरात नाहीच. आणि प्रेमही ते करू शकत नाही. शेवटी काझ इनेझला धक्क्यावर नेतो, तिच्या नावावर एक जहाज करून दिलेलं असतं, गुलामांच्या व्यापाऱ्यांची शिकार करायला. आणि तिचे आईवडील शोधून आणलेले असतात. तो तिचा हात धरतो, हातमोज्याशिवाय. एवढंच. बरा झालेला नाही. ती जहाज घेऊन जाणार आहे, हा मागे राहणार आहे. आणि आईवडील जवळ येताना बघून हा माणूस, ज्याला अख्खं शहर घाबरतं, तिला विचारतो की माझा टाय सरळ आहे ना.

आठवी_ब:
टायचं नाव काढू नका, मी क्लासला निघालेय.

सांजपाखरू:
सुलींबद्दल एक राहिलं. आपल्याकडे दोरीवर चालणारी मुलगी म्हटलं की रस्त्याकडेला ढोलकी, खाली बाप आणि पुढे फिरणारी थाळी एवढंच डोळ्यासमोर येतं. थाळीत नाणं टाकून आपण पुढे जातो. मराठीत तिला नायिका करून, तिचा धर्म, तिचं कौशल्य, तिचा राग असं सगळं देऊन कुणी साहसकथा लिहिलीय का? इनेझच्या सुऱ्यांना संतांची नावं आहेत, ती मारण्याआधी आणि मारल्यावर प्रार्थना करते. हे मला कुठल्याही जोडीपेक्षा जास्त लक्षात राहिलं. कुणाला असं मराठी पुस्तक माहीत असेल तर सांगा, वेगळा धागा काढते.

गरमवडा:
काढा. मी येतो भांडायला.

ताकभात:
पुस्तक आणलं. पन्नास पानं झाली, अजून नावं कळत नाहीयेत. कोण कुठल्या देशाचं ते एकदा कुणीतरी तक्त्यात लिहून द्या ना. आणि लेकीने कपाटात लपवलेलं शोधून काढलंय, ती माझ्या पुढे गेलीय.